मोठीआईची मोटार

कपाशीची बोंडं फुटायला लागली, तुरी पिवळ्या झाल्या आणि सकाळी अंगावर शाल घ्यावीशी वाटू लागली, की माझं कशातच लक्ष लागत नाही. घरच्यांना ते ठाऊक आहे, ते मला त्या दिवसांत फार बोलायला लावत नाहीत. दसरा आणि दिवाळी यांच्या मधले हे दिवस वऱ्हाडात सगळ्यात देखणे. पावसाने अडवलेल्या वाटा मोकळ्या होतात, चिखलात उमटलेल्या गाड्यांच्या चाकोऱ्या तशाच वाळून कडक होतात, आणि ज्याला त्याला कुठेतरी जायचं असतं. मला मात्र या दिवसांचा राग येतो. वय झालं तरी तो गेलेला नाही.

यंदा त्यात नातवाने भर घातली. त्याने परतवाड्याच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी थोडी जमीन घेतली आहे, आणि तिथल्या वाटा हिंडायला त्याला एक गाडी हवी आहे. चार जाडजूड टायर, वर छप्पर नाही, मोटारसायकलसारखं हँडल, दगडधोंडे-नाले काहीही असो, चढते म्हणे. रोज मला फोनवर चित्रं दाखवतो. "आजी, लहान घेतली तर चढावर दम टाकते. मोठी घेतली तर झाडांमधून निघत नाही. मधली घ्यावी म्हणतो. पण मधल्यातच इतके प्रकार आहेत की ठरतच नाही." मी म्हटलं, "कुठलीही घे, पण यंदाच घे." तो हसला. म्हाताऱ्या माणसाला घाई फार, असं त्याला वाटलं असणार.

आमच्या घरातही एकदा अशी मधली गाडी शोधली होती. शोधणारे मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. आमचं गाव मूर्तिजापूरजवळचं, चांगल्या काळ्या जमिनीचं. पन्नास सालानंतरचा काळ. मोटार ही गोष्ट अकोल्याला, अमरावतीला बघायची, आमच्या वाटांवर बैल चालायचे आणि मोठेबाबांची घोडी. माझी शाळा नुकतीच सोडवली होती, लग्नाचं बघत होते, त्यामुळे मी दिवसभर घरी असे. घरी म्हणजे मोठीआईजवळ, मोठेबाबांच्या बायकोजवळ. तिला मूलबाळ नव्हतं, आणि मला ती माझ्या आईपेक्षा बरी वाटायची. आई रागवायची, मोठीआई चिडवायची.

मोठीआईचं माहेर डोंगराखाली. गावाशेजारच्या स्टेशनातून छोट्या आगगाडीने अचलपूरपर्यंत जायचं, तिथून परतवाडा ओलांडून पुढे नाल्या-दगडांची वाट. ती पुढची वाट दरसाल दिवाळीला बैलांच्या बंडीत बसून जायची. पण दोन-तीन वर्षांआधी अशाच एका प्रवासात बंडी कलंडली आणि ती खाली आली. कमरेचं हाड बसलं ते वाकडंच बसलं. काठी घेऊन घरात हिंडायची, आगगाडीच्या बाकावर बसायची, पण बैलगाडीचा धक्का तिला सोसत नसे. एकदा गावातल्या गावात बंडीत बसून पाहिलं, तर देवळापर्यंत जाईतो ओठ दाताखाली धरून रडली. तेव्हापासून माहेर बंद.

भाऊबीजेला भाऊच येऊन जायचा. मग त्याचे डोळे गेले. त्या वर्षी दसऱ्याच्या सुमाराला त्यांच्या गावचा एक माणूस मूर्तिजापूरच्या बाजारात बैल घेऊन आला होता, तो मुद्दाम वाट वाकडी करून आमच्याकडे आला. ओसरीवर बसून पाणी प्याला आणि म्हणाला, "बाई, दादानं सांगतलं, आता माह्यानं येनं होत नाई. तूच ये म्हने या दिवाळीले. दिसत त काईच नाई, पन आवाज त ऐकीन."

मोठीआई दाराआड उभी होती. आत येऊन तिने चुलीवरची भाकरी उलटली, ती आधीच करपलेली होती.

मोठेबाबांनी त्याच दिवशी जेवताना जाहीर केलं, "या भाऊबीजेले तुले मोटारीत नेतो." घरात कोणाचा विश्वास बसेना. माझी आई हळूच म्हणाली, "परतवाड्याले जीप भेटते म्हनते भाड्यानं. एका दिवसाचं त काम आहे." मोठेबाबांनी ताटातला हात थांबवला. "माह्या घरची लक्ष्मी भाड्याच्या गाडीत माहेरी जाईन? लोक काय म्हनतीन, पाटलाची घोडी विकली का?" सासरची माणसं सुनेला माहेरी कशातून पोचवतात, यावर तेव्हा तिची तिथली किंमत ठरत असे. माणसं न्यायच्या धामणीला, त्या हलक्या बैलगाडीला नवी झूल, बैलांच्या शिंगांना रंग, सगळं त्यासाठी. भाड्याचा विषय तिथेच संपला. मीही तेव्हा मनातून मोठेबाबांच्याच बाजूची होते. आपल्या दारात आपली मोटार, हे काय लहान सुख होतं?

आता मोठेबाबांची एक गोष्ट सांगायला हवी. जनावर पारखण्यात त्यांचा हात धरणारा आमच्या भागात नव्हता. लोक बैलबाजाराला जाताना त्यांना सोबत नेत. ते बैलाच्या आधी मालकाकडे बघत, मग खुरांकडे, मग दातांकडे, आणि कपाळाकडे सगळ्यात शेवटी. पसंत पडलेला बैलही ते लगेच घेत नसत. घरी आणून चार दिवस कामाला लावत. गुण पाहायचा, म्हणत. गुण पाहिल्याशिवाय आमच्या गोठ्यात काही बांधलं गेलं नाही. मोटारीलाही त्यांनी हाच कायदा लावला, आणि अकोल्याच्या रज्जाकभाईने तो मुकाट्याने मान्य केला. रज्जाकभाई जुन्या मोटारींची दलाली करायचा. लढाई संपल्यावर फौजेचा माल विक्रीला निघाला होता, त्यातल्या गाड्या त्याच्याकडे येत.

पहिली आली ती मोटारसायकल, बाजूला बसायचा डबा जोडलेली. मोठीआईला त्या डब्यात बसवलं. तिच्या नऊवारीचा घोळ आत मावेना, तो मी आणि आई दोघींनी मिळून कोंबला. रज्जाकभाईने अंगणात एक चक्कर मारली, कोंबड्या उडाल्या, आणि मोठीआई तोंडाला पदर लावून इतकी हसली, की तिची कंबर दुखायला लागली. मोठेबाबा हसले नाहीत. ते मोटारसायकल शेताच्या वाटेला घेऊन गेले. चाकोरीत दोन चाकं बसली, की तिसरं वर लोंबायचं. "तीन पायाचं जनावर," ते म्हणाले. ती परत गेली.

दुसरा आला फौजेचा ट्रक. आवाज असा, की गाभण म्हैस दावं तोडून पळाली. हा मात्र कुठेही चढे. नाल्यातून गेला, बांधावरून गेला, मोठेबाबांनी मुद्दाम नुकत्याच पाणी दिलेल्या रानात घालायला लावला, तिथूनही निघाला. पण मोठीआईला त्यात चढता येईना. चौरंग ठेवला, चौरंगावर पाट ठेवला, आईने वरून ओढलं, मी खालून आधार दिला. अर्ध्यावर ती थांबली आणि म्हणाली, "मले माहेरी धाडून राहिले का फौजेत?" तोही परत गेला. मोठेबाबा म्हणाले, "लहान नको, मोठी नको. मधली पाहा रज्जाकभाई." आणि रज्जाकभाई म्हणाला, "मधलीच त सारे मागतात पाटील. पाहातो."

त्या दिवसांत घरात माहेराशिवाय बोलणं नव्हतं. डोंगराकडे निरोपही गेला होता, बाई यंदा मोटारीत येते. मोठीआईने भावासाठी धोतरजोडी आणून ठेवली. मग तिला वाटलं, आंधळ्या माणसाला रंगाचं-काठाचं काय, हाताला लागेल असं काहीतरी न्यावं. म्हणून तिने स्वतःच्या हाताने गोधडी शिवायला घेतली. जुन्या लुगड्यांची, लहानपणी दोघं जिच्यात झोपायची तशी. दुपारी आम्ही दोघी ओसरीवर बसायचो. समोर कापूस वेचून येणाऱ्या बाया ओट्या रिकाम्या करत, कापसाचा आणि उन्हाचा मिळून एक वास यायचा, आणि ती टाके घालता घालता भावाच्या गोष्टी सांगायची. त्याने तिला पोहायला शिकवलं होतं. मुलीने पोहावं असा तो काळ नव्हता, म्हणून भल्या पहाटे. त्यांची आई ओरडली, तेव्हा भाऊ म्हणाला होता, "इले नाल्यापलीकडं दिलं त वापस कशी येईन थे?" हे सांगताना मोठीआईचा टाका लांब पडायचा, मग ती उसवून पुन्हा घालायची.

दिवाळी तोंडावर आली, तेव्हा जीप आली. उंची बेताची. मोठीआई माझ्या खांद्यावर हात ठेवून एका पावलात आत बसली. मोठेबाबांनी तिला नाल्यापर्यंत नेलं, नाल्यातून पलीकडे नेलं, दगडांच्या उतारावरून परत आणलं. मी मागे बसले होते. सगळा वेळ मी मोठीआईच्या तोंडाकडे बघत होते. कुठे दुखतंय का, ओठ दाताखाली जातोय का. तिने एकदाही ओठ चावला नाही. परत येताना ती नुसती रस्त्याकडे बघत होती, डोंगर त्याच दिशेला होता. अंगणात उतरल्यावर मोठेबाबांनी विचारलं, "कशी आहे?"

"हे ठीक आहे," ती म्हणाली. तिच्या तोंडून एवढं म्हणजे फार होतं.

गुण पाहून झाला. चार दिवस सोडा, मोठेबाबांनी पहिल्याच दिवशी पसंती दिली. मग गड्याने चिखल धुवायला घेतला. बॉनेटवरचा हिरवा रंग एका जागी पोपडा धरून निघाला होता, पाणी पडल्यावर तो पोपडाही गेला आणि खालचा पांढरा रंग दिसला. फौजेच्या गाड्यांवर चांदणी काढलेली असायची, तिचंच एक टोक. बरोब्बर मधोमध. मोठेबाबा जवळ गेले. त्यांनी त्यावर अंगठा ठेवला. ठिपका अंगठ्याखाली झाकला गेला.

घोडी बाळगणाऱ्यांना सांगायला नको. कपाळावर अंगठ्याखाली झाकेल एवढाच पांढरा ठिपका असलेलं घोडं म्हणजे सितारपेशानी. ते कोणी फुकट दिलं तरी घ्यायचं नाही, मालकाच्या घरात माणूस राहू देत नाही. मोठेबाबांच्या वडिलांनी हट्टाने असं घोडं घेतलं होतं आणि त्याच सालात ते गेले. मोठेबाबा तेव्हा पोरवयाचे. ते अंगठा तसाच ठेवून उभे राहिले आणि मग म्हणाले, "नाई जमत."

रज्जाकभाईला आधी कळेचना. कळलं तेव्हा तो हात जोडून म्हणाला, "पाटील, घोडा नोहे हे. लोखंड आहे लोखंड. आता रंग मारून देतो, खालचा दिसनारबी नाई."

"रंग मारून खोड जाते का?"

"खोड कायची? गाडी हे!"

"माह्या घरातलं मानूस बसनार आहे हिच्यात," मोठेबाबा म्हणाले. "म्या तिले यात नाई बसवत."

आणि हेच मला इतकी वर्षं पचत नाही. त्यांनी मोठीआईला अडवलं ते तिच्या काळजीने. त्यांचा आवाज बारीक झाला होता, मी तो कधी तसा ऐकला नव्हता. चिडावं तरी कोणावर? माझे वडील बोलायला गेले, थोरल्या भावापुढे अर्ध्यात थांबले. मोठीआई ओसरीच्या खांबाला धरून उभी होती. तिने जीपकडे पाहिलं, मग मोठेबाबांच्या अंगठ्याकडे, त्याला पांढरा रंग लागला होता. "जाऊ द्या," ती म्हणाली. "दुसरी भेटीन." आत जाऊन तिने गोधडीचा उरलेला काठ शिवायला घेतला. रज्जाकभाई जीप घेऊन गेला, आणि पुढे आम्हाला कळलं की ती परतवाड्याच्या एका लाकूड-ठेकेदाराने घेतली.

दिवाळीआधी दुसरी मिळाली नाही. मोठेबाबा अकोल्याला गेले, अमरावतीला गेले, वलगावच्या एकाकडे असल्याचं ऐकून तिथेही गेले. एक मिळाली तिचं इंजिन खोकत होतं, एकीचा मालक त्यांना आवडला नाही. परतवाड्याच्या भाड्याच्या जीपची गोष्ट माझ्या आईने परत काढली नाही. काढायला हवी होती असं ती म्हातारपणी म्हणायची. भाऊबीजेच्या संध्याकाळी मोठीआईने अंगणात पाट मांडला, तबक घेतलं आणि चंद्राला ओवाळलं. ज्यांचा भाऊ जवळ नसतो त्या असंच करतात, त्यात वावगं काही नाही. पण तिचा भाऊ तर डोंगराखाली वाट बघत बसला होता. चंद्रकोर तुरीच्या शेतावर होती, बारीकशी, लगेच मावळली.

निवड करणं ही मोठी गोड गोष्ट आहे. निवडतोय तोवर आपल्याला वाटतं, काम चालू आहे. मोठेबाबांनी त्या सगळ्या दिवसांत एक क्षणही वाया घालवला नाही, आणि सगळे दिवस वाया गेले. त्यांना उत्तम गाडी हवी होती. मोठीआईला गाडी नकोच होती, तिला भाऊ हवा होता. एवढी साधी गोष्ट त्या भरल्या घरात आम्हा कोणाच्याच लक्षात राहिली नाही, कारण अंगणात सारख्या मोटारी येत होत्या आणि त्या बघण्यासारख्या होत्या.

पौषात थंडी फार पडली. हरभरा घाट्यावर आला होता. डोंगराकडून माणूस आला तेव्हा सगळं उरकून गेलं होतं. भाऊ तापाने गेला, म्हणाला, फार दिवस पडून नव्हता. मोठीआईने त्या माणसाला जेवू घातलं. तो गेल्यावर न्हाणीत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आम्ही दाराशी बसून राहिलो, आतून पाण्याचा आवाज येत होता.

मोठेबाबांनी त्याच आठवड्यात जीप आणली. अकोल्याला गेले आणि रज्जाकभाईच्या दारात जी उभी होती ती घेऊन आले. खाली वाकून पाहिलं नाही, नाल्यात घातली नाही, बॉनेटवर काय आहे, काय नाही याकडे लक्षही दिलं नाही. अंगणात आणून उभी केली आणि म्हणाले, "चाल."

मोठीआई, मोठेबाबा, मी आणि चालवायला एक माणूस. सकाळी निघालो. परतवाड्याला चहा घेतला. पुढच्या वाटेवर पळसाला कळ्या धरायला लागल्या होत्या. जी वाट एवढ्या वर्षांत आमच्या घरात केवढी तरी अवघड होऊन बसली होती, ती जीपने सहज मागे टाकली. नाले कोरडे होते. जेवणाच्या वेळेला आम्ही मोठीआईच्या माहेरच्या दारात होतो. मोठेबाबा उतरले आणि आलो त्या वाटेकडे बघत उभे राहिले. एवढंच होतं, हे त्यांच्या तोंडावर मला लख्ख वाचता आलं.

मामी, म्हणजे मोठीआईची भावजय, पांढऱ्या कपाळाने बाहेर आली. दोघी गळ्यात पडल्या, रडून झालं, मग ओट्यावर बसल्या. मामीने मोठेबाबांना चहा दिला. बोलायचं म्हणून मामी बोलत होती, तिच्या मनात काही नव्हतं. "दिवाळीभर वाट पाह्यली बाई तुई. सकाळीच पागोटं बांधून इथी बसत. ठेकेदाराची जीप लाकडं न्यायले याच वाटेनं येते. थिचा आवाज आला का उठून उभे. 'पाय धुवाले पानी ठेव, बाई आली.' म्या म्हनो, अहो, थे ठेकेदाराची आहे. त म्हनत, 'आज नसन, उद्या याच आवाजात येईन थे.' भाऊबीजेले जेवलेच नाई दिवसभर. घडी घडी उठत."

मोठेबाबांच्या हातात कप तसाच राहिला. चहावर साय धरली. मी मोठीआईकडे बघायचं टाळलं. तिने मामीच्या मांडीवर हात ठेवला आणि म्हणाली, "पानी मांड वयनी. पाय धुतो." मग पाय धुऊन ती आत गेली. तिने गोधडी भावाच्या खाटेवर पसरली, चारी कोपरे ओढून नीट केली, आणि त्यावर बसून राहिली.

परत निघालो तेव्हा उन्हं कलली होती. मोठेबाबा पुढे बसले होते, आम्ही दोघी मागे. डोंगर मागे पडला, वाट सपाट झाली. परतवाड्याच्या अलीकडे मोठेबाबांनी मान न वळवता विचारलं, "कमरेले त्रास त नाई ना होऊन राहिला?"

मोठीआई नेहमीच्या आवाजात म्हणाली, "नाई. चांगली गाडी घेतली तुमी."